भरपूर क्लोरीन, तरीही हिरवं पाणी

तळेगावजवळ माझ्या सासरचा बंगला आहे, मागच्या अंगणात 8 बाय 4 मीटरचा छोटा स्विमिंग पूल. सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे 40 हजार लिटर पाणी. पावसाळा संपता संपता पाण्याला हिरवी झाक आली ती जाईचना. देखभालीला येणारा माणूस तरंगत्या डब्यात गोळ्या भरायचा, तुरटी फिरवायचा, कधी मोरचूद टाकायचा. तेवढ्यापुरतं पाणी निवळायचं, मग भिंती पुन्हा बुळबुळीत. "वहिनी, क्लोरीन भरपूर आहे बघा," म्हणत तो नळी दाखवायचा, आणि नळीतलं पाणी खरंच पिवळंधमक असायचं.

त्या पाण्यात मुलं उतरणार होती, म्हणून मी हा विषय स्वतःकडे घेतला.

पिवळा रंग देणारी ओटीओ चाचणी एकूण क्लोरीन दाखवते. त्यात घाम-लघवीला चिकटून दुबळा झालेला क्लोरीनही धरलेला असतो. नाकात जाणारा तो उग्र वास बहुधा त्याचाच. जंतू मारणारा मुक्त क्लोरीन वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी थेंब मोजायचं डीपीडी किट मागवलं. 10 मिली पाण्यात पावडर टाकली की ते गुलाबी होतं, मग एकेक थेंब टाकून हलवायचं. रंग उडेपर्यंत जितके थेंब लागले, त्यातल्या प्रत्येकामागे अर्धा पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. आमचा मुक्त क्लोरीन 3 निघाला. पुस्तकात चालतो तेवढा, तरी शेवाळ वाढतच होतं.

गोम सायन्युरिक ॲसिडमध्ये होती. तरंगत्या डब्यातल्या गोळ्या टीसीसीए या क्लोरीनयुक्त रसायनाच्या, त्यांच्यामध्ये ते असतंच. थोडं हवंही, कारण ते नसेल तर भर उन्हात दोनेक तासांत जवळजवळ सगळा क्लोरीन उडून जातो. पण क्लोरीन खर्च होतो आणि हे मागे उरतं. गोळ्यांतून 10 पीपीएम क्लोरीन गेला की साधारण 6 पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठतं. साठा वाढला की ते क्लोरीनला धरून ठेवतं, सुटं काम करू देत नाही. ढोबळ हिशोब असा, की मुक्त क्लोरीन निदान त्याच्या साडेसात टक्के हवा.

ते मोजायची पद्धत मला फार आवडली. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. पाण्यात चाचणीचं द्रावण मिसळलं की ते दुधाळ होतं. ते नळीत हळूहळू ओतायचं, वरून बघत. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि रेघ वाचायची. आमचा ठिपका 100 च्या रेघेपर्यंत पाणी पोचण्याआधीच गेला. निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा पाहिलं तर 70. म्हणजे पुलात 140. तिथे 3 पीपीएम क्लोरीन काय करणार? दहाच्या वर हवा होता.

यावर पाणी बदलणं हाच उपाय. पूर्ण उपसला नाही, कारण पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि रिकामा पूल खालून उचलला जाण्याची, तडकण्याची भीती असते. अर्धा उपसून भरला, मिसळू दिला, पुन्हा अर्धा. 140 चे 70, 70 चे 35. उपशाआधी क्लोरीन शून्यावर येऊ दिला, म्हणून ते पाणी आंब्या-चिकूंना देता आलं. एवढं पाणी गटारात सोडायला मन धजलं नसतं.

नवं पाणी बोअरचं, जड. अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड पचवणाऱ्या क्षारांचं प्रमाण, 260, आणि पीएच सारखा 8 च्या वर चढायचा, कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. पीएच साडेसात असताना साधारण निम्मा सुटा क्लोरीन मारक रूपात असतो, 8 ला जेमतेम पाव. मग हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच 7.2 ला आणायचा, पाण्याचे जेट वर वळवून खळखळाट करायचा, चढला की पुन्हा ॲसिड. दर फेरीला अल्कलिनिटी थोडी उतरते. ती 110 ला यायला बरेच आठवडे लागले. इथे घाई करू नये. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

शेवाळ मारायला 10 टक्क्यांचा द्रवरूप क्लोरीन वापरला. आमच्या पुलात 1 लिटरने अडीच पीपीएम वाढतो. 14 पर्यंत नेला, कमी झाला की पुन्हा भरला, रोज भिंती घासल्या, वाळूच्या फिल्टरमधून उलट दिशेने पाणी सोडून तो धुतला. सूर्यास्तानंतर मोजायचं, उजाडायच्या आत पुन्हा मोजायचं. रात्री ऊन नसतं, म्हणजे जो क्लोरीन घटला तो पाण्यातल्या घाणीने किंवा शेवाळाने खाल्ला. घट 1 पीपीएमच्या आत आली, तळाच्या फरशीचे सांधे स्पष्ट दिसू लागले, तेव्हा तो खाली उतरू दिला आणि मगच मुलांना सोडलं.

आता रोजचा क्लोरीन द्रवरूपच. गोळ्या फक्त आम्ही गावाला गेलो तर. त्या आणि ब्लीचिंग पावडर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्यात, दोन्हींचे मगही वेगळे, कारण या दोन वस्तू एकत्र आल्या तर आग लागते, स्फोटही होऊ शकतो. ॲसिडचा कॅन दोन्हींपासून लांब, बाहेर शेडमध्ये. त्याची वाफ क्लोरीनला भेटली तर विषारी वायू तयार होतो. माळीमामांना हे सगळं समोर उभं राहून समजावलंय, आणि दारावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहूनही लावलंय.