चिंचोक्यांचा पोकर

रविवार, रात्री उशिरा.

पोकर शिकवण्याची कल्पना नवऱ्याची होती आणि त्यातून पैसे वगळण्याची अट माझी. तो हा खेळ अभियांत्रिकीच्या वसतिगृहात शिकला. मी दिवाळीत मामाकडे तीन पत्ती खेळत वाढले, त्यामुळे पत्त्यांची भीती नव्हती. पण हातांचा, म्हणजे पत्त्यांच्या जुळण्यांचा, क्रम काही केल्या पचनी पडेना. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) कलरवर (सगळे एकाच चिन्हाचे पत्ते) मात करतो, तर पोकरमध्ये कलर सिक्वेन्सवर. हा शुद्ध अन्याय आहे असे मी म्हणताच त्याने कागद ओढून हिशेब मांडला: तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात आणि त्यांत साधे सिक्वेन्स 720 व कलर 1,096 असतात, पाच पत्त्यांच्या 25,98,960 हातांत मात्र सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108 एवढेच. जे दुर्मीळ ते वरचढ. (प्रेमाच्या खेळाची सुरुवात आकडेमोडीने करणारा माणूस मी स्वतःच पसंत केलेला असल्यामुळे तक्रारीला जागा नाही.)

आम्ही खेळतो तो टेक्सास होल्डेम. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते येतात, मध्ये आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक असे पाच पत्ते उघडले जातात, आणि या सातांतून ज्याचे पाच सरस ठरतात तो डाव जिंकतो. दोघेच खेळत असतील तर पत्ते वाटणारा पण लावण्याच्या पहिल्या फेरीत आधी बोलतो, म्हणजे आपली चाल सांगतो, आणि पुढच्या सर्व फेऱ्यांत नंतर. नंतर बोलणाऱ्याला समोरच्याची चाल पाहून आपली ठरवता येते, म्हणून वाटण्याची पाळी दर डावाला बदलते. हातात जोडी येण्याचा योग सतरांत एकदा, आणि जोडी नसेल तर पहिल्या तीन पत्त्यांतून ती जुळण्याचा योग साधारण तीनांत एकदा. याचा अर्थ असा, की बहुतेक वेळा समोरासमोर बसलेल्या दोघांच्याही हातात काहीच नसते, आणि उरते ते फक्त बोलणे, थांबणे आणि एकमेकांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहणे. हा खेळ नवराबायकोला का मानवतो, याचे कारण मला यातच दिसते.

पहिल्या काही रात्री मात्र खेळ रंगलाच नाही. डाव हरणाऱ्याने अंगावरचा एक दागिना काढायचा किंवा एक मुका द्यायचा, अशी पैज आम्ही मोठ्या उत्साहाने ठरवली होती. झाले असे, की हरण्याचे दुःख कोणालाच नव्हते. तो टाकाऊ पत्त्यांवर सर्वस्व लावायचा, मी कशालाही होकार द्यायचे, आणि कोणीच फोल्ड करत (पत्ते ठेवून माघार घेत) नसल्यामुळे बनवाबनवी करण्यातही अर्थ उरत नसे. थाप मारायची तर समोरच्याला माघार घेण्यासारखे काही कारण हवे, आणि गमावण्यासारखे काही असल्याशिवाय ते कारण येणार कुठून? वेरूळच्या धुमार लेण्यात सारीपाट खेळणारे शिवपार्वती कोरलेले आहेत, आणि श्रावणात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पोथीत तर पार्वती शंकराचे सारे काही जिंकून घेते, तो रुसून वनात निघून जातो आणि तिला भिल्लिणीचे रूप घेऊन त्याच्यामागे जावे लागते. तिथे पैज खरोखरच झोंबत होती.

म्हणून आम्ही चिंचोके आणले. सासूबाईंनी चिंच फोडून डब्यात साठवलेले चिंचोके दोघांत सारखे वाटून घेतले (ते कशासाठी हवेत, हे त्यांना सांगितलेले नाही) आणि एक दरपत्रक लिहिले. पाच चिंचोक्यांना एक स्तुती, पण आजवर कधी न केलेली. दहांना एक प्रश्न, ज्याचे उत्तर खरेच द्यायचे. पंधरांना पाय चेपून घेणे. विसांना एक मुका, जागा विकत घेणाऱ्याने ठरवायची. आणि त्यापुढच्या दरांसमोर नुसती टिंबे. एक कलम मी आग्रहाने घातले, की समोरच्याने मागितलेले काहीही, कारण न सांगता, नाकारता येईल आणि नाकारल्यास चिंचोके मागणाऱ्याकडेच राहतील. पोकरमध्ये कोणत्याही फेरीत पत्ते खाली ठेवण्याची मुभा असते आणि त्याबद्दल कोणी जाब विचारत नाही; ती मुभा या दरपत्रकात नसती तर मी खेळले नसते. चिंचोक्यांना किंमत आल्याबरोबर नवरा एकाएकी काटकसरी झाला, आणि काटकसरी माणसाला घाबरवता येते.

मागच्या रविवारी मी दहा चिंचोके मोजून त्याला विचारले, “माझे पत्ते चांगले आहेत हे तुला कसे कळते?” खरे बोलणे भाग होते. “अगं, तेव्हा तू मंगळसूत्राच्या वाट्या फिरवत बसतेस,” तो म्हणाला.

आज वाटण्याची पाळी माझी होती. मला इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री आली, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मध्ये किलवरची राणी, बदामची नव्वी आणि बदामची चौकी उघडली. त्याने चष्मा नाकावर सरकवत चार चिंचोके लावले, आणि चष्मा सरकला म्हणजे राणीची जोडी झाली हे मला विनामूल्य ठाऊक आहे. मी चार भरले. पुढचा पत्ता बदामचा एक्का निघाला. तो चेक म्हणाला, म्हणजे काही न लावता पाळी माझ्याकडे दिली. मी काही न बोलता वाट्या फिरवू लागले, अगदी सावकाश, आणि मग बारा चिंचोके पुढे सारले. त्याने माझ्या हाताकडे पाहिले, एक्क्याकडे पाहिले, पुन्हा हाताकडे पाहिले आणि सुस्कारा टाकून पत्ते ठेवले. “दाखव तरी काय होते,” तो म्हणाला. फुकट दाखवायची पद्धत नसते, असे सांगून मी माझे पत्ते गड्डीत मिसळून पिसून टाकले. मग मात्र मला हसू आवरेना आणि त्याला सगळे कळले.

आता त्याने नवा नियम सुचवला आहे, की मी मंगळसूत्र काढून खेळावे. माझी तयारी आहे, पण मग त्यानेही चष्मा काढला पाहिजे. आणि चष्म्याशिवाय त्याला बदाम कोणता आणि चौकट कोणती हे ओळखता येत नाही.