आमची वाटचाल : ‘एसपीएफ नाही’ असं ठळक छापलेलं तेल

आमच्या उद्योगात टॅनिंग ऑइल आलं ते गिऱ्हाइकांच्या मागणीमुळे. त्याआधी मी आणि माझी मावसबहीण अंगाला लावायची तेलं आणि ओठांचा बाम करत होतो. ती रसायनशास्त्र शिकलेली, मी हिशेब, पॅकिंग आणि लोकांशी बोलणं सांभाळणारी. सुट्टीवर निघालेले लोक विचारायचे, ‘ताई, उन्हात बसल्यावर अंगावर छान सोनेरी-तांबूस रंग चढेल असं काही नैसर्गिक करता का?’ मी म्हटलं, करून टाकू. बहीण म्हणाली, ‘आधी बघू तरी, उन्हात तेल अंगावर नेमकं करतं काय.’

त्या एका प्रश्नाने आमच्या धंद्याची पुढची दिशा ठरवली. कोरड्या त्वचेचा वरचा थर बारीक खवल्यांचा, खडबडीत असतो. त्यावर पडलेला उजेड थोडाफार फाकतो, परततो. तेल त्या खाचा भरतं आणि मग किरण जास्त आत शिरतात. ओला दगड कोरड्या दगडापेक्षा गडद दिसतो, त्यातलाच हा प्रकार. सोरायसिस म्हणजे अंगावर खवल्यांचे चट्टे उठण्याचा आजार, त्याच्या प्रकाशोपचारात चट्ट्यांवर तेलाचा पातळ हात देतात तो याचसाठी, किरण आत जावेत म्हणून. म्हणजे ज्या तेलात सनस्क्रीनचं काहीच नाही, ते लावून दुपारी पडून राहिलं तर त्वचा लवकर भाजते. नैसर्गिक असलं तरी.

तरीही तेल आम्ही केलंच, कारण ते चांगलं तेल आहे. घरी करायचं असेल तर कृती सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गाजर किसून इतकं वाळवायचं की चिमटीत धरलं तर कुरकुरीत मोडलं पाहिजे. किंचित लवचिक वाटलं तरी आत पाणी आहे असं समजायचं, आणि पाणी राहिलं की त्या गाजरावर बुरशी येते, तेलही बिघडतं. हा वाळलेला कीस कोरड्या काचेच्या बरणीत घालून वर बुडेल इतकं तिळाचं तेल ओतायचं. बरणी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर दोनेक तास. पाणी उकळू द्यायचं नाही. तेलाला केशरी झाक येते. मग मलमलच्या दुहेरी कापडातून गाळायचं आणि चोथा पिळायचा नाही, पिळला की गाळ उतरतो.

१०० मिलीसाठी आम्ही साठ मिली हे गाजराचं तेल, ३९ मिली जोजोबा आणि एक मिली व्हिटॅमिन ई असं धरतो. जोजोबा खरं तर तेल नव्हेच, द्रवरूप मेण आहे, म्हणून लवकर खवटत नाही. तिळाच्या तेलातही स्वतःचे टिकवणारे घटक असतात. जवसाचं किंवा अक्रोडाचं तेल मात्र या कामाला घेऊ नका, ते हवा आणि उष्णता लागली की फार लवकर बिघडतं. गडद रंगाची बाटली, थंड अंधारी जागा, आणि तीन-चार महिन्यांत संपवायचं. नाकाला जुन्या रंगपेटीसारखा वास आला की सरळ टाकून द्यायचं. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस थांबा. आणि पांढरे कपडे लांब ठेवा. गाजराचा पिवळा रंग कपड्यावर बसतो. अंगावरही हलकी पिवळट छटा देतो, पण ती साबणाने धुतली जाते. तिला टॅन समजू नये.

वासासाठी लोक हमखास लिंबाचं किंवा बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचं तेल सुचवतात. इथे आम्ही अगदी आडमुठे आहोत. या फळांच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की लालसर पट्टे उठतात, फोड येतात, आणि मागे तपकिरी डाग राहतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. उन्हात लिंबू पिळलेल्या हातांवर असे डाग येतात ते त्यामुळेच. आमच्या उन्हाच्या तेलात सुगंधच नाही. गिऱ्हाईक कधीकधी नाक मुरडतं, मुरडू दे.

सगळ्यात जास्त वाद मात्र एसपीएफवरून झाला, म्हणजे त्वचा भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणाऱ्या आकड्यावरून. खोबरेल तेलाचा एसपीएफ सात-आठ, गाजराच्या बियांच्या तेलाचा चाळीसच्या घरात, असे आकडे सगळीकडे फिरत असतात. तेल पातळ करून यंत्रात मोजलेला आकडा आणि माणसाच्या त्वचेवर मोजलेला आकडा यांत फार अंतर असतं. सनस्क्रीनचा एसपीएफ ठरवताना माणसाच्या त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर लावतात आणि त्वचा लाल व्हायला किती किरण लागले ते बघतात. घरच्या तेलाची अशी चाचणी कोण करतं? एका वितरकाने मोठी मागणी देऊ केली होती, अट एकच, बाटलीवर ‘नैसर्गिक एसपीएफ’ असं छापा. बहिणीने तिथल्या तिथे नाही म्हटलं. मागणी गेली. मला तेव्हा राग आला होता, हिशेब माझ्याकडे होता ना! पण लेबलवर ‘एसपीएफ नाही’ हे शब्द आम्ही आणखी मोठ्या अक्षरांत केले, आणि आज लोक आम्हाला ओळखतात ते त्या ओळीमुळे.

तेलात झिंक ऑक्साइडची, म्हणजे सनस्क्रीनमध्ये किरण अडवायला घालतात ती पांढरी पूड ढवळून घरीच सनस्क्रीन करता येईल का, हाही नेहमीचा प्रश्न. पूड तेलात सारखी पसरत नाही, गोळे होतात, थर कुठे जाड तर कुठे नुसतं तेल. जिथे नुसतं तेल, तिथे त्वचा भाजणार. ते काम कारखान्यातल्या यंत्रांवर सोडावं.

टॅनबद्दल आम्ही गिऱ्हाइकांशी स्पष्ट बोलतो. उन्हाने डीएनएला इजा झाली की त्वचा मेलॅनिन, म्हणजे स्वतःचं रंगद्रव्य वाढवते, दोन-तीन दिवसांनी दिसणारा रंग तो. त्याचं संरक्षण एसपीएफ तीन-चारच्या आसपास, म्हणजे नावापुरतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये टॅनिंगच्या अतिनील किरणांच्या यंत्रांना कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलं, तेव्हा ‘यंत्रातला टॅन सुरक्षित’ हा समजही मोडीत निघाला. व्हिटॅमिन डीसाठी तासन्‌तास उन्हात पडायची गरज नाही. एका मर्यादेनंतर त्वचेत तयार झालेला त्याचा जास्तीचा कच्चा माल उन्हानेच मोडून जातो.

मग आमचं तेल वापरायचं कधी? उतरत्या उन्हात, किंवा उन्हातून येऊन आंघोळ झाल्यावर, ओलसर अंगावर. आधी असलेला रंग खुलून दिसतो, त्वचा सोलवटत नाही. ताज्या भाजलेल्या त्वचेवर मात्र नाही. तिथे थंड पाणी, सावली आणि भरपूर पाणी पिणं. फोड आले किंवा ताप आला तर डॉक्टर.

ज्यांना रंगच हवा, त्यांच्यासाठी दुसरं उत्पादन आलं. मागणी शरीरसौष्ठव स्पर्धेतल्या मुलांची होती, रंगमंचावरच्या झगझगीत दिव्यांत स्नायूंची रेघ दिसायला गडद रंग लागतो. यात डीएचए म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसिटोन वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला एव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक लहान मुलांना हे द्रव्य औषध म्हणून पाजत होत्या. मुलांच्या अंगावर जिथे ते सांडलं तिथे त्वचा तपकिरी झाली, कपड्यांवर डाग नाहीत. त्वचेच्या मेलेल्या वरच्या थरातल्या अमिनो आम्लांशी त्याची अभिक्रिया होते, ऊन लागतच नाही. थर झडला की रंग जातो, साधारण आठवड्याभरात. कोपर, गुडघे, घोटे इथे जाड त्वचा जास्त रंग पिते, म्हणून तिथे आधी क्रीमचा हलका हात द्यायचा आणि लावून झालं की तळहात लगेच साबणाने धुवायचे. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाचे तळहात केशरी राहिले तेव्हापासून प्रत्येक खोक्यात हातमोजे घालतो. या रंगानेही उन्हापासून संरक्षण मिळत नाही, हे त्या बाटलीवरही छापलंय.

खोक्यात एक कार्डही असतं, बहिणीच्या अक्षरात. यूव्ही इंडेक्स (उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा) तीन किंवा वर असेल तर सावली, टोपी, बाह्यांचे कपडे, सनस्क्रीन. आठ किंवा वर गेला तर भर दुपारी बाहेर नको. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे. ढग आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण येतातच. ताजा बर्फ तर ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा, आणि सढळ हाताने. डॉक्सीसायक्लिनसारखी काही औषधं चालू असतील तर ऊन लवकर बाधतं, आधी विचारून घ्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नका. अंगावरच्या तिळाचा आकार, कडा किंवा रंग बदलला तर डॉक्टरांना दाखवा. एका काकूंनी हे वाचून पाठीवरचा तीळ दाखवून घेतला, काही निघालं नाही, पण त्या आता आमच्याकडून बामही नेतात.

घरी स्वतःपुरतं तेल करणं आणि विकणं यांत फरक आहे, हे नवीन मुलामुलींना आवर्जून सांगते. विकायचं तर परवाना, बॅच क्रमांक, घटकांची पूर्ण यादी, प्रत्येक बॅचची एक बाटली राखून ठेवणं, हे सगळं आलं. आमच्या कपाटात या राखीव बाटल्यांची रांग आहे आणि बहीण दर महिन्याला एकेक उघडून वास घेते. सध्या आम्ही पंपाच्या बाटल्या बघतोय, वारंवार झाकण उघडलं की तेलाला हवा लागते म्हणून. पुरवठादाराने दिलेला नमुना गळतोय, दुसरा मागवलाय.