मुदत नसलेली कैद

शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेचे दिवस मोजता येतात; मिसाबंद्याला, म्हणजे 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली खटल्याविना स्थानबद्ध केलेल्याला, ती सोय नव्हती. आणीबाणीत हा कायदा दुरुस्त करून स्थानबद्धतेचे कारण सांगण्याचे बंधन काढून टाकले गेले, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती खन्ना यांचा विरोध वगळता, त्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्गही बंद केला. सोलापूरच्या गिरणी कामगारांत काम करणारे माझे काका तेव्हा येरवड्यात होते. आपल्याला मारहाण झाली नाही, असे ते आवर्जून सांगतात, आणि म्हणून आपल्यावर काहीच परिणाम झाला नाही, असेही म्हणतात. हे दुसरे मला पटत नाही.

घरातले कोणी बाहेर निघाले की काका "परत किती वाजता?" असे विचारतात. "येतोच जरा वेळात" हे उत्तर त्यांना चालत नाही. सांगितलेली वेळ टळली की ते जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहतात आणि कितीही समजावले तरी आत येत नाहीत. घरात याला त्यांची शिस्त म्हणतात. काकू मात्र सांगते की १९७५ पूर्वी ही सवय त्यांना नव्हती.

फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावे सोलापुरात पोराटोरांना पाठ असतात, पण इंग्रजांनी १९३० मध्ये शहरात लावलेल्या त्याच मार्शल लॉमध्ये (लष्करी अंमलात) तुरुंगवास भोगून परतलेल्यांनी पुढचे आयुष्य कसे काढले, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंद्यांना मानधन जाहीर केले, ते योग्यच झाले. परंतु सत्काराच्या व्यासपीठावर माणसाला पराक्रमच सांगावा लागतो, भीती सांगता येत नाही. काका मोकळे होतात ते जुन्या बराकसोबत्यांमध्ये, कारण तिथे काहीच समजावून सांगावे लागत नाही.

हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत कैद आणि छळ सोसलेल्यांसाठी चिलीतील मानसोपचारतज्ज्ञांनी एक पद्धत वापरली. पीडिताने आपली हकीकत सविस्तर सांगायची, ती उतरवून घ्यायची, आणि मग दोघांनी मिळून वाचून दुरुस्त करायची. कुठे थांबायचे, काय गाळायचे, हे सांगणाराच ठरवतो. तुरुंगाने हिरावलेला अधिकार नेमका हाच असतो, म्हणून मला ही पद्धत मोलाची वाटते. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, त्यामुळे काकांवर उपचार करण्याचा आव आणत नाही, पण त्यांच्या आठवणी याच रीतीने लिहून घेते. अटकेच्या रात्रीपाशी ते थांबतात, तेव्हा मीही वही मिटते.

काकूचे नाव बंद्यांच्या कोणत्याच यादीत नव्हते. तपासून येणारी पत्रे, भेटीच्या परवानगीसाठीचे हेलपाटे आणि दुरावलेले शेजारी तिने एकटीने सोसले, म्हणून आता तिच्यासाठी वेगळी वही केली आहे.