क्रिऑनचं नक्की कुठे चुकलं?

नाटकाच्या गप्पा निघाल्या की हा प्रश्न येतोच, ग्रीक ट्रॅजेडीतला हीरो ज्या घातक दोषामुळे मातीत जातो तो दोष म्हणजे शेवटी अहंकारच ना? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितोय. परीक्षेत 'हो' लिहा, मार्क मिळतील. पण मला ते पटत नाही, आणि का ते सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'वरून सांगतो, इ.स.पू. 441 च्या आसपासचं नाटक.

थीब्जच्या गादीसाठी दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारून मेलेत, मामा क्रिऑन राजा झालाय आणि त्याचा हुकूम असा की शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसिसला कोणी मूठमाती द्यायची नाही. बहीण अँटिगनी देते. मामा तिला जिवंतपणी दगडी गुहेत कोंडतो, सोबत थोडं अन्न ठेवून, म्हणजे शहराला पाप लागायला नको (हिशेब बघा!). आणि तिचं लग्न ठरलेलं त्याच्याच मुलाशी, हेमनशी.

इथपर्यंत अहंकार आहे, मान्य. मुलगा समजावायला येतो तर त्याला बाईचा गुलाम म्हणतो, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस सांगतो की कुत्री आणि पक्षी त्या प्रेताचं मांस वेदीपर्यंत आणतायत, तर तू पैसे खाल्लेस म्हणतो. पण म्हातारा भविष्य सांगून निघून गेला की हाच राजा हादरतो, चक्क विचारतो की काय करू सांगा, ऐकतो मी. कोरस, म्हणजे शहरातली वडीलधारी मंडळी, सांगतात की जा, पोरीला बाहेर काढ आणि त्या उघड्यावरच्या प्रेताला थडगं दे. ऐकलं की त्याने! दोष नुसता अहंकाराचा असता तर नाटक इथेच सुटायला हवं होतं.

आता निरोप्या काय सांगतो ते नीट वाचा. क्रिऑन आधी माळावर जातो. कुत्र्यांनी फाडलेलं शरीर धुतात, ताज्या तोडलेल्या फांद्यांवर जाळतात, वर मातीचा उंच ढिगारा रचतात, सगळं कसं विधिवत, आणि मग गुहेकडे. तोवर अँटिगनीने गळफास घेतलाय, हेमन तिच्या कमरेला मिठी मारून रडतोय, तो बापाच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसून धावतो, वार चुकतो आणि तीच तलवार स्वतःच्या बरगडीत खुपसतो. हे कळल्यावर आई युरिडिसीही जीव देते.

आधी गुहेत गेला असता तर पोरगी वाचली असती का, हे सोफोक्लीस सांगत नाही. पण माझ्या मते सगळी मेख या क्रमात आहे. नाटकाच्या सुरुवातीलाच क्रिऑनने ठासून सांगितलंय की जो देशापेक्षा आपल्या माणसाला मोठं मानतो त्याची किंमत शून्य. शहर विटाळलंय म्हटल्यावर तो पश्चात्तापातसुद्धा आधी शहराचं निस्तरतो आणि घरच्यांचं नंतर. राजा म्हणून हा गुणच की! दुसऱ्या एखाद्या नाटकात याच गुणाचे पोवाडे गायले असते.

आणि ज्याच्या नावावर ही दोष शोधायची सवय खपवली जाते तो अ‍ॅरिस्टॉटल? फार चांगला नाही, फार वाईट नाही असा माणूस मोठ्या चुकीने कोसळतो, असं तो म्हणतो आणि उदाहरण इडिपसचं, म्हणजे अँटिगनीच्याच बापाचं, देतो. हेमन-क्रिऑनचा उल्लेख येतो तो त्या हुकलेल्या वारासाठी, तोही तक्रार म्हणून, की जाणूनबुजून मारायला जायचं आणि मारायचं नाही यात ट्रॅजिक काही नाही. मला हे अजिबात मान्य नाही, पोटच्या पोराने आपल्यावर तलवार उगारलेली बघून मागे जगत राहायचं यापेक्षा ट्रॅजिक अजून काय हवं होतं त्याला?