सभागृहाच्या परवानगीचे एकवीस दिवस

आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहाला वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असते. माजी विद्यार्थ्यांना बोलावून त्यांना आमची कामे दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी ते सभागृह एका शनिवारच्या दुपारपुरते मिळवायला आम्हाला एकवीस दिवस लागले. कार्यक्रम होऊन चार महिने उलटले तरी त्या दिवसांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मी उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिराती, पोस्टर, मुखपृष्ठे अशा कामांच्या कलेच्या, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये या विषयाचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्याला जाहिरात संस्थेत किंवा प्रकाशनगृहात आपल्याच संस्थेतला कुणी ज्येष्ठ भेटण्याची शक्यता बरीच असते. आमच्या जिल्ह्याच्या गावात हा अभ्यासक्रमच नवा असल्याने ही साखळी आमची आम्हालाच जोडावी लागणार होती. म्हणून रंगकला, शिल्पकला आणि उपयोजित कला शिकणारे आम्ही चौदा जण दर गुरुवारी तासांनंतर बसून एकमेकांची कामे पाहू लागलो. माजी विद्यार्थ्यांना बोलवायचे ठरले तेव्हा अकरा जणांना फोन केले आणि त्यांतल्या नऊ जणांनी लगेच होकार दिला.

अडले ते कार्यालयाच्या खिडकीपाशी. विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज मी तिथे दिला आणि निश्चिंत मनाने परतले. आठ दिवसांनी चौकशीला गेले, तेव्हा तिथल्या मॅडमनी आलेल्या अर्जांची आवक नोंदवही उघडली, त्या तारखेच्या पानावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि म्हणाल्या, "तुमचा अर्ज आवकला नाहीच. पोच आहे का?" पोच नव्हती. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या असतात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नसते, हे आम्हाला कुणीच सांगितले नव्हते.

दुसरा अर्ज नोंदवला गेला, पण चार दिवसांनी 'लेटरहेड नाही' असा शेरा घेऊन परत आला. आमचा गट कुठेही नोंदवलेला नसल्यामुळे विभागाच्या लेटरहेडवर तिसरा अर्ज केला, तर त्यावर 'प्लेसमेंट कक्षाचे ना-हरकत पत्र जोडावे' असे लिहून आले. हा कक्ष विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांचे काम पाहतो आणि आमच्याकडे त्याचे पद रिकामे आहे. रिकाम्या पदावरच्या माणसाचे पत्र आणायचे कुठून, या प्रश्नाला खिडकीवर उत्तर नव्हते. इकडे मुंबईहून येणारी एक ताई रेल्वेच्या आरक्षणासाठी तिसऱ्यांदा तारीख विचारत होती आणि तिला काय सांगावे ते मला कळत नव्हते.

खरे कारण विभागप्रमुखांनी अर्ज पुन्हा वाचला तेव्हा कळले. विषयाच्या ओळीत आम्ही 'करिअर व नेटवर्किंग मेळावा' असे लिहिले होते आणि कार्यालयाने तो रोजगार मेळावा धरला होता. सरांनी ती ओळ खोडून 'माजी विद्यार्थी मार्गदर्शन व कलाकृती परीक्षण' अशी लिहायला लावली, आणि कार्यक्रमात काडीचाही बदल न करता दोन दिवसांत सही झाली. बाहेरच्या पाहुण्यांची नावे आणि ओळखपत्रांच्या प्रती मात्र पहिल्याच अर्जाला जोडा. त्या शेवटच्या दिवशी मागितल्या गेल्या आणि पुन्हा धावपळ झाली.

भाषणे आम्ही ठेवलीच नाहीत. नऊ टेबले मांडली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एका पाहुण्यासमोर पंधरा मिनिटे दिली. प्रकाशनगृहात मुखपृष्ठे करणाऱ्या एका दादाने माझ्या मैत्रिणीचे मराठी पोस्टर पुढे ओढले आणि दोन ओळींच्या मध्ये नख टेकवले. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसला होता. "रोमन अक्षरांच्या सवयीने अंतर ठेवलेस," तो म्हणाला, "देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते." आम्ही तिघी तिथे उभ्या होतो आणि चार वर्षे अक्षरलेखन शिकूनही ते आमच्यापैकी कुणालाच दिसले नव्हते. तिने त्याच रात्री पोस्टर नव्याने मांडून त्याला पाठवले. दिवाळीच्या सुट्टीत ती त्याच्याच हाताखाली काम शिकून आली, याचा मला स्वतःचे काम झाल्याइतका आनंद आहे.

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायला नेलेल्या आपल्या कामांच्या संचात, दहाच कामे ठेवा आणि ती छापून न्या. चाळीस कामे आणलेल्यांची पंधरा मिनिटे पाने उलटण्यातच गेली. शिवाय पाहुण्यांचा चहा शेवटी ठेवा, कारण खरी ओळख त्या अर्ध्या तासात होते.

दुसऱ्या भेटीचा अर्ज मी काल दिला. विषयाची ओळ सरांचीच ठेवली, पोच फाईलला लावली आणि आवक क्रमांक वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिला, कारण परीक्षेनंतर ही फाईल दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडे जाणार आहे.