साकुरा ओळखावी कशी, जपावी कशी

फेब्रुवारीत टोकियोतल्या फुलांचा फोटो टाकला की घरच्यांचा लगेच प्रश्न, "साकुरा फुलली का गं?" फेब्रुवारीतली ती उमे, जर्दाळूची जवळची नातलग. साकुरा, म्हणजे जपानी चेरी, येते मार्चअखेरीस.

पाकळी बघा. साकुराच्या पाकळीला टोकाशी बारीक खाच असते, उमेची पाकळी गोल. उमेचं फूल फांदीला चिकटून बसतं. साकुराच्या एकेका कळीतून लांब देठांची तीन-चार फुलं लोंबतात. फुलं नसतील तेव्हा खोड बघायचं, साकुराच्या खोडावर आडव्या रेघा असतात.

इथे सगळीकडे दिसते ती सोमेई योशिनो ही साकुराची जात. एदो काळाच्या शेवटी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, टोकियोच्या आताच्या कोमागोमे भागातल्या सोमेई गावच्या माळ्यांनी ती पसरवली, आणि तीही कलमं करूनच, कारण बी लावलं तर तशीच निपजत नाही. नदीकाठची ही शेकडो झाडं म्हणजे मुळात एकच झाड! म्हणून तर सगळी एकदम फुलतात, पालवी फुटायच्या आधी. यासुकुनी मंदिराच्या आवारातल्या नमुन्याच्या झाडावर 5-6 फुलं उमलली की हवामान खातं टोकियोचा बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. भरगच्च पाकळ्यांची, गडद गुलाबी कानझान ही जात त्यानंतर, तांबूस पालवीसोबत येते.

"साकुरा छाटणारा मूर्ख, उमे न छाटणारा मूर्ख," अशी इथे म्हण आहे. साकुराची कापलेली जागा लवकर भरून येत नाही, तिथून कूज शिरते. फांदी तोडून फोटो काढणारे पाहिले की म्हणूनच जीव तुटतो.

बाल्कनीत लावायची तर अंगणाची गरज नाही, असाहियामा ही बुटकी जात कुंडीत छान फुलते. तिला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती हवी. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये माती सुकू द्यायची नाही. आणि थंडीत कुंडी बाहेरच ठेवायची. गारठा मिळाल्याशिवाय कळ्यांची झोप मोडत नाही.

पुण्या-मुंबईत ती का फुलणार नाही, याचं उत्तरही हेच. विक्रोळीला हायवेलगत गुलाबी फुलते ती टॅबेब्युया, तिचं कूळच वेगळं. खरी चेरी आपल्या देशात बघायची तर नोव्हेंबरात शिलाँग गाठा. तिथे फुलतं ते पद्मकाष्ठ, आयुर्वेदातलं पद्मक.