रात्री सव्वादोनला शोधलेलं

"आई, तुला कॅन्सर झालाय?"

मुलगा नववीत आहे. टॅब हातात धरून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि मी कुकरला शिट्टी लावत होते. त्याला भूगोलाचं काहीतरी बघायचं होतं. शोधायच्या चौकटीला बोट लावल्याबरोबर खाली घड्याळाच्या बारक्या चित्रांसकट जुन्या शोधांची यादी उतरली. 'काखेजवळ गाठ दुखत नाही'. 'गाठ कॅन्सरची आहे कसं ओळखायचं'. 'मॅमोग्राफी खर्च मिरज'. हे शोध माझ्या फोनवरचे. कोरोनात शाळा ऑनलाइन झाली तेव्हा घाईघाईत मीच टॅबवर माझं गूगल खातं घातलं होतं, ते तसंच राहिलं.

तोवर मी घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. सांगलीत 'मिरजेला गेले होते' एवढं म्हटलं तरी समोरचा विचारतो, "कुणाला ॲडमिट केलंय?" मिरज म्हणजे दवाखाना, हे इथे लहान मुलालाही कळतं. म्हणून पहिल्या तपासणीला जाताना मी साडीच्या फॉल-पिकोचं कारण सांगून निघाले होते. सख्ख्या बहिणीलाही जे सांगवेना, ते मी रात्री पांघरुणात फोन धरून त्या चौकटीला विचारत होते.

गाठ साधी निघाली. फायब्रोॲडिनोमा म्हणतात, कॅन्सर नव्हे. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे. हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुमचा जीव तिथे अडकायला नको. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

मी एका पतसंस्थेत अठरा वर्षं काउंटरवर आहे. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, एकाची बाकी दुसऱ्याला सांगायची नाही, खातेदाराचा सख्खा भाऊ विचारत आला तरी. आणि खातेदाराने पासबुक पुढे केलं की सगळ्या नोंदी भरून द्यायच्या, कारण नोंदी त्याच्या आहेत. त्या रात्री मला एकच गोष्ट सलत होती. माझ्या भीतीची रोजकीर्द कुणीतरी लिहितंय, आणि त्याचं पासबुक मी एकदाही बघितलेलं नाही.

पहिल्यांदा मी चुकीचंच काम केलं. फोनच्या क्रोममध्ये जाऊन हिस्टरी पुसली आणि सुटले असं वाटलं. दुसऱ्या दिवशी टॅबवर यादी जशीच्या तशी. ब्राउझरची हिस्टरी वेगळी आणि खात्यात साठणारी नोंद वेगळी, हे मला ठाऊकच नव्हतं. मग आठवडाभर 'इन्कॉग्निटो' वापरलं, म्हणजे क्रोममधली हिस्टरी न ठेवणारी खिडकी. काळी खिडकी, टोपी-चष्म्याचं चित्र, आता आपल्याला कोण ओळखतंय असं वाटायचं.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. रविवारी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. इन्कॉग्निटोचं ऐकून ती म्हणाली, "मावशी, ती खिडकी फक्त तुझ्या फोनपासून लपवते. बाहेरच्याला तू दिसतेसच की." आणि तिने मला २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर झालेल्या दाव्याबद्दल सांगितलं. इन्कॉग्निटोत असतानाही लोकांची माहिती गोळा होते, असं त्या दाव्यात म्हणणं होतं. २०२४ मध्ये तडजोड झाली, त्यात अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने मान्य केलं आणि त्या काळ्या खिडकीवरची सूचनाही बदलली. मी लगेच उघडून बघितली. साइट्स आणि गूगल माहिती कशी गोळा करतात त्यात याने फरक पडत नाही, असं तिथे लिहिलेलंच होतं. आठवडाभर रोज ती खिडकी उघडत होते, ओळ एकदाही वाचली नव्हती.

मग आम्ही चहा घेऊन बसलो आणि 'माय ॲक्टिव्हिटी' उघडलं, म्हणजे खात्यात साठलेल्या नोंदी दाखवणारं गूगलचं पान. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग 'तुमचं खातं सांभाळा', मग 'डेटा आणि प्रायव्हसी', अशा वाटेने तिथे जाता येतं.

ते पान मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक शोधासमोर वेळ. तपशील उघडला की कोणत्या फोनवरून, साधारण कोणत्या भागातून. रात्री २ वाजून १३ मिनिटं: 'सुई टाकून तपासणी दुखते का'. २ वाजून १९ मिनिटं: 'आईला कॅन्सर असेल तर मुलांना होतो का'. २ वाजून ४० मिनिटं: 'पतसंस्था कर्मचारी आजारपणाची रजा नियम'. मग थेट सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी 'इडलीचं पीठ फुगलं नाही तर'. माझी सगळी रात्र तिथे ओळीने मांडलेली होती. भाची गप्प बसली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी पहिल्यांदा त्या गाठीसाठी रडले.

नंतर तिने मला एक जुनी गोष्ट सांगितली. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने अभ्यासकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे दोन कोटी शोध खुले केले होते. नावं काढून टाकली होती, प्रत्येकाला नुसता नंबर. तरी वर्तमानपत्राच्या बातमीदारांनी काही दिवसांतच एका नंबरामागची बाई शोधून काढली, तिने शोधलेल्या गोष्टींवरून. मला ते लगेच पटलं. माझ्या यादीवरचं नाव खोडलं आणि सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेत कुणाच्याही हातात ती दिली, तर तो माझ्या दारातच येऊन उभा राहील. गल्ली, नोकरी, मुलाची इयत्ता, सगळं त्यात आहे.

पुसायला बसले तेव्हा आधी फक्त गाठीचे शोध एकेक करून काढत होते. पाऊण तास गेला. मग ठरवलं की सुरुवातीपासूनचं सगळंच काढायचं. पण त्याआधी मी खाली, अगदी खाली गेले. तिथे २०१५ मधली एक नोंद होती: 'सांगली पंढरपूर एसटी वेळ'. ते मी शोधलेलं नव्हतं. अण्णा, माझे वडील, तेव्हा आमच्याकडे होते आणि माझा फोन घेऊन एका बोटाने टाइप करायचे. त्यानंतरच्या वर्षी ते गेले. ती ओळ पुसताना हात थांबला. शेवटी तारीख आणि वेळेसकट डायरीत लिहून घेतली आणि मग सगळं पुसलं. ज्यांना जुनं जपून ठेवायचंय त्यांच्यासाठी गूगलचीच 'टेकआउट' नावाची सोय आहे, सगळी माहिती आपल्याकडे उतरवून घेता येते. आधी ते करा, मग पुसा.

पुसलं म्हणजे सगळं गेलं असंही नाही. गूगलच सांगतं की तुम्ही काय शोधलंत ते काढलं, तरी काहीतरी शोधलंत एवढी नोंद राहू शकते. आमच्या भाषेत, व्हाउचर फाडलं पण खतावणीत ओळ उरली. मला तेवढं चालेल. दोन वाजून तेरा मिनिटांनी मी काय विचारलं, ते आता तिथे नाही.

नुसतं पुसून भागत नाही, पुढचं साठणंही थांबवावं लागतं. त्या बटणाचं नाव 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी'. ते पूर्ण बंद करता येतं, किंवा तीन, अठरा, छत्तीस महिन्यांनी आपोआप पुसलं जाईल असं लावता येतं. जून २०२० नंतर काढलेल्या नव्या खात्यांना अठरा महिने आधीच लावलेले असतात. माझ्यासारख्या जुन्या खात्यांना मुद्दाम लावावे लागतात. मी पूर्ण बंद केलं. नवऱ्याला नकाशात जुने पत्ते लागतात, त्याने तीन महिने ठेवले.

जागेच्या नोंदीत एक गोम आहे. ठिकाणांच्या इतिहासाचं बटण मी पूर्वीच बंद केलेलं होतं, तरी माझ्या शोधांपुढे मिरजेतला भाग दिसत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हेच दाखवून दिलं होतं, की ते एक बटण बंद केलं तरी दुसऱ्या नोंदीतून जागा साठत राहते. नंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड झाली ती याच प्रकरणात. म्हणून दोन्ही बटणं बघा. एक बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

जाहिरातींचं काम त्यामानाने लवकर झालं. गूगलच्या 'माय ॲड सेंटर' या जाहिरातींच्या पानावर माझं शिक्षण, घराचं उत्पन्न, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलं किती मोठी, याचे अंदाज बांधून ठेवलेले होते. दोन चुकीचे होते, बाकी बरोबर. आवडीनुसार जाहिराती बंद केल्या. ज्यांना त्या चालू ठेवायच्यात त्यांनाही गरोदरपण, वजन कमी करणं, जुगार, दारू आणि डेटिंग या विषयांच्या जाहिराती कमी करता येतात. मूल गमावलेल्या बाईच्या फोनवर बाळाचे कपडे येऊ नयेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. फोनच्या सेटिंगमधला जाहिरातींचा आयडी, म्हणजे जाहिरातवाले फोन ओळखतात तो नंबर, तोही काढून टाकला. अँड्रॉइड बारा आणि पुढच्या फोनवर ते जमतं.

सगळ्यात जास्त मनस्ताप दिला तो मात्र शोधातून गाठलेल्या एका तपासणी बुकिंगच्या साइटने. दर बघायला तिथे गेले तर नंबर टाकल्याशिवाय दर दिसेना. टाकला. दोन दिवसांत आरोग्य विम्याचे फोन सुरू. एकदा तर काउंटरवर रांग असताना फोन आला आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्या ब्रेस्ट चेकअपसंदर्भात." स्पीकर चालू नव्हता एवढंच नशीब. शोधयंत्रातून पुसलेलं या लोकांकडून पुसलं जात नाही, हे तेव्हा कळलं. तिथे वेगळं भांडावं लागतं.

भांडले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. दिलेली संमती मागे घ्यायचा आणि माहिती पुसून मागायचा हक्क त्यात आहे. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागायची सोय त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलीय. त्यामुळे आज कायदा दाखवून दरडावता येत नाही, पण लिहून ठेवलं तर पुढे कामाला येतं. मी मराठीत ईमेल लिहिलं: माझा नंबर आणि तपासणीची माहिती काढून टाका, आणि ती कुणाला दिली ते कळवा. दोनदा उत्तर नाही. तिसऱ्यांदा इंग्रजीत एक ओळ आली, माहिती काढल्याची. कुणाला दिली याबद्दल अवाक्षर नाही. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद, ती पण लावली. फोन कमी झालेत, थांबलेले नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमुखाने सांगितलं. तो हक्क काउंटरवरच्या बाईपर्यंत पोचायला तीन ईमेल पुरत नाहीत, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

आता रोजच्या शोधाला डकडकगो नावाचं दुसरं शोधयंत्र वापरते. २००८ पासूनचं आहे, शोधांवरून माणसाची फाइल बनवत नाही, जाहिरात दाखवतं ती त्या वेळी टाइप केलेल्या शब्दावरून. आजारपण, पैसे, कायदा यासाठी पुरतं. पण गणपती पेठेत अमुक दुकान किती वाजता उघडतं, असं विचारलं की ते चाचपडतं, आणि मराठीतली उत्तरंही कमी सापडतात. तेव्हा मी खात्यात न शिरता गूगलवर जाते.

राहिला टॅब. त्यावरून माझं खातं काढलं आणि मुलाला त्याचं स्वतःचं काढून दिलं. पासवर्ड मी लिहून ठेवला आणि माझ्या फोनवरही त्याचं खातं चालू ठेवलं. आई आहे, लक्ष नको का ठेवायला, असं मनाशी म्हणाले. परवा तो फोन मागायला आला आणि जाता जाता थांबला.

"आई, मी काय शोधतो ते तुला दिसतं?"

मी हो म्हणाले.

तो काही बोलला नाही. मान खाली घालून उभा राहिला, त्या दिवशी दारात उभा होता तसाच. मी त्याला शेजारी बसवलं. काही भीती वाटली, कुणी काही पाठवलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठवायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग त्याच्यासमोरच माझ्या फोनवरून त्याचं खातं काढलं आणि पासवर्ड त्याला बदलायला लावला. तो टाइप करत होता तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.